दोन अंगठ्यांची गाठ

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर उमरावभाऊ कापगते यांनी आपल्या दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांना बांधून मागितले, तेव्हा कुंदाबाईंच्या हातातली चिंधी खाली पडली.

"का म्हनता जी?"

"अंगठे बांध म्हनलं. एकामेकाले."

"जित्या मानसाचे?"

"मेलेला मानूस सांगन का, माहे अंगठे बांध म्हनून?"

कुंदाबाईंनी चिंधी उचलली नाही. कवठटोल्यात माणसाच्या पायाचे अंगठे एकदाच बांधतात, आणि ते बांधल्याचं ज्याचं त्याला कळत नाही. सासरे गेले तेव्हा त्यांनी ते पाहिलं होतं. थोरले दीर केवलराम गेले तेव्हाही पाहिलं असतं, पण तेव्हा बांधायला अंगठा एकच होता.

केवलरामचं सगळं एका नखापासून सुरू झालं. उजव्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं, जाड झालं, छपरावरच्या जुन्या कवेलूसारखं कडेनं झडू लागलं. कोणीतरी ते उपटून काढलं. अंगात साखर, आणि हंगाम रोवणीचा. तिसऱ्या दिवशी केवलराम चिखलात उतरले. आधी अंगठा गेला, मग अर्धं पाऊल, मग घोट्यापर्यंतचा पाय, आणि दोन वर्षांत माणूस. तिरडीवर ठेवल्यावर उरलेला एकटा अंगठा कशाला बांधायचा, यावर चार शहाणी माणसं घटकाभर विचार करत उभी होती. शेवटी तिरडी बांधायला आलेल्या चंद्रकुमारनं तो तिरडीच्या बांबूला बांधला.

तेच पिवळेपण बऱ्याच वर्षांपासून उमरावभाऊंच्या दोन्ही अंगठ्यांवर होतं, आणि साखर त्यांच्याही अंगात होती. गोंदियाच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी, नीतू मॅडमनी, "तुम्हाला नेमका त्रास काय होतो?" असं विचारलं, तेव्हा ते दुखतं म्हणाले नाहीत, खुपतं म्हणाले नाहीत. म्हणाले, "मॅडम, मेल्यावर बांधाले मले दोन्ही अंगठे पायजेत."

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

दुखणं बुरशीचं होतं. कवठटोल्याचा तलाव उमरावभाऊंच्या कोहळी समाजातल्या पूर्वजांनी खोदला, आणि त्याचं पाणी सोडायचं काम तेव्हापासून त्यांच्याच घरात. पाणी सोडायचं दार, म्हणजे तुडूम, तलावाच्या पोटात. त्याची बुचं काढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरावं लागतं. चाळीस वर्षं ओले पाय, त्यात बुरशीनं घर केलं. पोटातून घ्यायच्या गोळ्या होत्या, पण लिव्हरचा रिपोर्ट बरा नव्हता, म्हणून त्या बंद. उरलं वरून लावायचं औषध. तेही उमरावभाऊंनी वर्षभर इमानानं लावलं होतं. नख होतं तसंच राहिलं.

"औषध वर लागतं, आजार खाली आहे," मॅडमनी समजावलं. "मधे नखाची भिंत. पोचतच नाही."

"समजलं. तलावाची पार फोडल्याबिगर पानी धानाच्या बांधीत जात नाई."

"फोडायची नाही, काका. झिरपवायची. आधी नख मऊ करायचं, मग खरवडून पातळ करायचं, मग औषध लावायचं. मऊ करायला युरियाचं मलम देते."

"युरिया?" कुंदाबाई पुढे सरकल्या. "धानाले देतो तोच?"

सोबत नात होती, डिंपल. गोंदियाच्या कॉलेजात औषधं बनवायचं शिकत होती. तिनं घाईनं आजीचा हात दाबला. "आजी, नाव एकच आहे. पण पोत्यातला लावायचा नाई हं. ये मलम है, मलम."

"मंग नख बी धानावानी वाढन का?"

"वाढणार नाही, मऊ पडेल," मॅडम म्हणाल्या. "मलम लावून वरून घट्ट झाकायचं. सात दिवस. पाणी लावायचं नाही, उघडायचं नाही, घासायचं नाही. सातव्या दिवशी इथे यायचं."

पहिल्या खेपेला तिसऱ्याच सकाळी डाव्या पायाची पट्टी खाटेखाली सापडली. उमरावभाऊंचे पाय झोपेत एकमेकांना घासत. चाळीस वर्षं त्यांनी एका पायाचा चिखल दुसऱ्या पायानं काढला होता. माणूस झोपला तरी पाय आपलं काम करत राहत. मॅडमनी दुसऱ्यांदा पट्ट्या बांधल्या आणि म्हणाल्या, "या वेळी नाही जमलं, तर नख शस्त्रक्रिया करून काढायचं बघू." त्यापुढे त्या पुष्कळ बोलल्या, काळजी कशी घेतात तेही बोलल्या. उमरावभाऊंना 'काढायचं' एवढंच ऐकू आलं.

तर आज सहावा दिवस होता. उद्या सोमवार, गोंदियाची गाडी, आणि पट्टी सुटणार. पण घरातली चिकटपट्टी संपली होती आणि उजव्या अंगठ्याची कड सुटायला लागली होती. गावातल्या दुकानात ती मिळाली नाही. कुंदाबाई अर्जुनीहून आणायला निघाल्या होत्या. त्या येईपर्यंत डोळा लागला आणि पाय घासले गेले, तर सहा दिवस पाण्यात.

"झोपू नका मंग," कुंदाबाई म्हणाल्या.

"सा दिस पाय सांभाळत जागलो, झोप डोक्यात आहे. बसल्या बसल्या डोळा लागते. बांध तू."

"लोक पायतीन त का म्हनतीन?"

"दुपारच्याले कोन येते अठी? बांध."

कुंदाबाईंनी जुन्या धोतराची पांढरी पट्टी फाडली. बांधताना तोंड दुसरीकडे वळवलं. मग माश्या बसू नयेत म्हणून त्यांनी नवऱ्याच्या अंगावरून डोक्यापर्यंत पांढरी चादर ओढली. पट्ट्यांना हवा लागावी म्हणून पाय तेवढे बाहेर ठेवले. मच्छर होते म्हणून उशाशी मच्छरवाली अगरबत्ती लावली. उन्हाची तिरीप तोंडावर येत होती म्हणून खाट फिरवून डोकं उत्तरेला केलं. एकेक गोष्ट त्यांनी मायेनं आणि विचार करून केली. सगळ्या मिळून काय दिसतं, ते बघायला त्या थांबल्या नाहीत. पदरानं डोळे पुसत ऑटोत बसल्या.

डोळे त्यांनी पुसले ते अपशकुनाच्या भीतीनं. पण ते पाहिलं समोरच्या अनुसयाबाईंनी.

अनुसयाबाई गावातल्या प्रत्येक मयतीला सर्वांत आधी पोचत आणि त्यांचा गळा सर्वांत वरचा असे. घटकाभरानं त्या नेलेलं सूप परत द्यायला आल्या आणि ओसरीच्या पायरीवरच थांबल्या. पांढरी चादर. उत्तरेला डोकं. उशाशी अगरबत्ती. आणि पांढऱ्या पट्टीनं बांधलेले दोन अंगठे.

त्या वेडगळ बाई नव्हत्या. त्यांनी विचार केला. कुंदाबाई रडत अर्जुनीकडे गेली, म्हणजे मयतीचं सामान आणायला गेली. अंगठे बांधले, म्हणजे घरच्यांनी पाहून, खात्री करून बांधले. सगळं एकमेकांशी जुळत होतं. त्यांनी सूप भिंतीला टेकवलं, पदर सावरला आणि चौकात जाऊन हंबरडा फोडला.

"अगा मायऽऽ! गेला वो, गेलाऽऽ!"

त्या आवाजानं उमरावभाऊ जागे झाले.

'कोन गेला?' त्यांच्या मनात पहिला विचार तो. दुसरा विचार पाणीसंस्थेच्या जुन्या सचिवाचा. तो दिवाळीपासून खाटेवर होता आणि गाव रोज त्याची वाट पाहत होतं. गेला बिचारा. चादर बाजूला करून उठायला त्यांनी हात हलवला, आणि तिसरा विचार आला. त्या विचारानं हात जागच्या जागी थांबला.

मयतीला जायचं म्हणजे घाटावर जायचं. घाटावरून आलं की डोक्यावरून आंघोळ, चुकत नाही. आंघोळ म्हणजे पाणी. पाणी म्हणजे पट्टी. आणि उद्या सोमवार. आपण तर पाणी सोडणारे, सचिवाच्या मयतीला आपल्याला बोलवायला माणूस येणारच. पाय दुखतात म्हटलं तर उचलून नेतील. एकच माणूस गावात मयतीला जात नाही. झोपलेला.

उमरावभाऊंनी डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. अगदी निपचित पडले.

पावलं ओसरीकडे येऊ लागली तशी त्यांना आपल्या हुशारीचं बरं वाटलं. आले बोलवायला. त्यांनी श्वासही हळू केला, चादर हलू नये म्हणून.

"कवा झालं?" हा आवाज दुर्गेशचा. तलावाच्या अगदी तोंडाशी याची शेती, पाणी सुटलं की पहिलं याच्या बांधीत.

"दुपारच्यालेच झालं आसन. सकाळी त म्या आवाज आयकला." या अनुसयाबाई.

"झोपेतच गेले वाटते. सुखाचं मरन."

'सुखाचं कसलं,' उमरावभाऊ मनात म्हणाले. 'चार मयने खाटेवर होता.'

ओसरीच्या कडेला माणसं बसल्याचं त्यांना कळलं. आपल्या ओसरीवर का बसतात, हेही कळलं. फाल्गुनाचं ऊन, सचिवाच्या दारात झाडाची सावली नाही. बसोत. मधूनच कोणी म्हणालं, "पाहून त घ्या एकदा." त्यावर दुर्गेश म्हणाला, "आता का पायतेस? अंगठे बांधून झाले. कायले हात लावतेस, मंग आंघोळ करशीन." आणि कोणी हात लावला नाही. सचिवाचे अंगठेही बांधून झाले, एवढी एक बातमी उमरावभाऊंना त्यातून मिळाली.

"लगित चांगला मानूस होता," दुर्गेश उसासा टाकून म्हणाला. "पान्याच्या मामल्यात नियम म्हंजे नियम. तारखेले पानी सुटनार म्हंजे सुटनार."

'सुटत होतं ते माह्यामुळं,' चादरीखाली उमरावभाऊंना राग आला. 'सचिव त नुसता कागद लिये.'

"चांगला?" हा आवाज पायरीवरून आला, आणि तो चंद्रकुमारचा होता. तलावापासून सर्वांत लांब, टेलला, शेवटची बांधी त्याची. गावातल्या प्रत्येक तिरडीचे बांबू तोच तोडून आणे. आताही बांबू जमिनीवर टाकल्याचा आवाज झाला. "तुमच्यासाठी चांगला, दुर्गेशभाऊ. तुमची बांधी तोंडाशी. मले इचारा. ग्यारा वर्स झाले, टेलले भर पानी आलं नाई. दर वर्सी धान पोटरीत येते आनि माही बांधी भेगा दाखवते. मी सांगाले गेलो त म्हने, म्या त सोडलं, पोचलं आसनच. कवा येऊन पायलं नाई."

"मयताबद्दल असं बोलू नये गा," अनुसयाबाई म्हणाल्या.

"जिता होता तवा बी बोललो. तवा आयकलं नाई, आता का आयकन?"

'बरोबर आहे,' उमरावभाऊंना मनापासून पटलं. 'सचिव होताच तसा. खुर्ची सोडून कवा टेलले गेला नाई.' बिचाऱ्या चंद्रकुमारची त्यांना दया आली. एवढं भांडण असून मेलेल्यासाठी बांबू घेऊन आला. माणूस म्हणावं तर हा. अगरबत्तीचा धूर नाकात शिरून शिंक येऊ पाहत होती. ती त्यांनी दातांखाली जीभ धरून परतवली.

मग बांबूवर कोयत्याचे घाव पडू लागले आणि बांधायच्या दोराची सरसर ऐकू आली. सचिवाची तिरडी आपल्या अंगणात का बांधतात, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहायच्या आतच चंद्रकुमार पुन्हा बोलला. या वेळी आवाज अगदी पायांजवळून आला.

"पाय गा, नशीब कसं रायते. याच्या भावाच्या वेळेस एकच अंगठा होता. मीच बांबूले बांधला होता. याचे त दोन्ही जागच्या जागी आहेत."

चादरीखाली जग क्षणभर थांबलं.

ज्याच्या भावाला एकच अंगठा होता, असा कवठटोल्यात माणूस एकच होता. सचिवाला भाऊच नव्हता.

खरं सांगायचं तर उमरावभाऊंच्या मनात आधी भीती आली नाही, लाजही आली नाही. आधी समाधान वाटलं. दोन्ही जागच्या जागी आहेत, चार लोकांनी पाहिलं. मग ग्यारा वर्स, टेल, भेगा, 'कवा येऊन पायलं नाई', हे सगळं एकापाठोपाठ परत आलं, आणि आता ते सचिवाचं राहिलं नव्हतं. ज्या माणसाला त्यांनी इतका वेळ मनातल्या मनात नावं ठेवली, तो चादरीखाली होता.

ते तसेच पडून राहिले असते. उठून कोणाच्या तोंडाकडे बघायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. पण अनुसयाबाई म्हणाल्या, "कुंदा येवाची आहे, तंवर मी पायावर पानी घालून पाया पडून घेतो. दोन बरं-वाईट बोलनं झालं आसन."

तांब्याचा काठ बादलीवर वाजला.

"पायाले पानी लावू नका!" मयत ओरडलं, आणि उठून बसलं.

त्यानंतर ओसरीवर कोण कुठून पळालं, ते पुढे कोणालाच नीट सांगता आलं नाही. दुर्गेश बांबूला अडखळून अंगणात पालथा पडला आणि तसाच रांगत रस्त्यावर गेला. अनुसयाबाईंचा गळा आयुष्यात पहिल्यांदा बंद पडला. हातातला तांब्या मात्र सुटला, खाटेच्या पायथ्याशी लवंडला, आणि पाणी पायांच्या दिशेनं निघालं. उमरावभाऊंनी उडी मारायचा प्रयत्न केला. अंगठे एकमेकांना बांधलेले. ते खाटेवर उताणे पडले आणि त्यांनी दोन्ही पाय एका गाठीत वर उचलून धरले.

"चंद्रकुमारा! धर गा, धर! पाय धर!"

चंद्रकुमार पळाला नव्हता. इतक्या तिरड्या बांधलेल्या माणसाला पळायची सवय नसते. त्यानं पुढे होऊन दोन्ही घोटे धरले आणि वर उचलले. खाली पाणी पसरलं, चादरीचा कोपरा भिजला, खाटेचे दोर भिजले. वर दोन पांढरी बोंडं कोरडी राहिली.

"सोडू नको."

"सोडत नाई. तू जिता आहेस का?"

"आहो."

"मंग अंगठे कायले बांधले?"

"पट्टी घासू नये म्हनून. युरिया लावला आहे."

चंद्रकुमारनं वर धरलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. माणूस जिवंत निघाला याहून त्याला हे जड जात असावं. "पायाले युरिया," तो म्हणाला. "बांधीले पानी नाई, आनि पायाले युरिया."

"आयकलं म्या सारं," उमरावभाऊ खालून म्हणाले.

"मंग? खोटं बोललो का?"

पाय दुसऱ्याच्या हातात असताना माणसाला तोऱ्यात बोलता येत नाही. "नखं दुखत होती गा," उमरावभाऊ म्हणाले. "टेलपावतर चालवत नाई. म्या सोडलं, मंग वाटे, पोचलं आसन."

"इतके वर्स?"

"वर लावलं का खाली पोचलंच, असं वाटे."

हे शेवटचं चंद्रकुमारला कळलं नाही. त्यानं पाय मात्र खाली ठेवले नाहीत.

इतक्यात उमरावभाऊंचा मोबाइल वाजू लागला. गावाच्या ग्रुपवर दुर्गेशनं त्यांचा फोटो हार घालून कधीच टाकला होता. चंद्रकुमारनं एका हातानं पाय धरून दुसऱ्या हातानं फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडे डिंपल हमसून रडत होती.

"हॅलो? कोन बोलता? माझे आजोबा…"

"मीच बोलून रायलो."

रडणं एकदम थांबलं. मग बारीक आवाजात प्रश्न आला, "आजोबा… पट्टी ओली त नाही झाली ना?"

"नाई. चंद्रकुमारनं धरून ठेवली आहे."

कुंदाबाईंना बातमी गावाच्या वळणावरच लागली होती. ऑटो थांबायच्या आत त्या उतरल्या. रस्त्यावरची माणसं बाजूला झाली, कोणी काही सांगू पाहत होतं, त्यांनी ऐकलं नाही. अंगणात चार हिरवे बांबू पडले होते, दोन दोन एकत्र बांधायला घेतलेले. त्या बांबूंपाशी त्या थांबल्या आणि पुढे पाऊल टाकेनात. हातात चिकटपट्टीचं पुडकं होतं. अंगठ्यांची गाठ त्यांनी स्वतःच्या हातानं बांधली होती.

"कुंदा, अवो, मी आहो," ओसरीवरून आवाज आला.

त्यांनी वर पाहिलं. नवरा उताणा पडलेला, पाय आभाळाकडे, आणि पाण्यावरून ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्यानं ते पाय धरलेले. कुंदाबाई ओसरीवर चढल्या, हातातलं पुडकं त्यांनी नवऱ्याच्या छातीवर फेकलं आणि भिंतीला टेकून बसल्या. मग रडल्या. अनुसयाबाई शेजारी बसून तेवढ्याच मनापासून रडल्या. जमलेलं रडू कुठेतरी जायलाच हवं होतं.

थोड्या वेळानं कुंदाबाईंनी डोळे पुसले, सरकत पायांजवळ आल्या आणि दातांनी गाठ सोडवली.

"एक सांगून ठेवतो," त्या म्हणाल्या. "खरंच मराल तवा बी मी बांधनार नाई. दुसरा कोनी पाहून ठेवा."

"मी आहो ना," चंद्रकुमार म्हणाला.

सोमवारी नीतू मॅडमनी पट्ट्या सोडल्या. खाली नखं भिजत घातलेल्या वालासारखी मऊ झाली होती. मॅडमनी ती बोथट पातीनं थराथरानं खरवडून काढली. रक्ताचा थेंब नाही, दुखणं नाही. खालची कातडी गुलाबी, ओलसर, पण आपल्या जागी. उमरावभाऊ श्वास धरून बघत होते. दोन्ही अंगठे त्यांनी एकदा हलवून पाहिले.

"शाब्बास, काका," मॅडम म्हणाल्या. "इतकी जागच्या जागी राहिलेली पट्टी मी पाहिली नाही. पाय हलवलाच नाही का?"

"कालचा दिस मेलो होतो जी."

डिंपलनं मॅडमना खूण केली की नंतर सांगते.

मॅडमनी बारीक ब्रश असलेली बाटली दिली. हे औषध आता खालपर्यंत पोचेल. रोज लावायचं, पाय कोरडे ठेवायचे, पाण्यात उतरायचं नाही. नवं नख तळातून वर यायला अठरा महिने लागतील.

बुधवारी उन्हाळी धानाला पाणी सोडायची तारीख होती. कापगत्यांच्या घराबाहेरचा माणूस आजवर तुडुमात उतरला नव्हता. उमरावभाऊ तलावाच्या पारीवर पाय लांब करून बसले आणि त्यांनी चंद्रकुमारला बोलावून घेतलं.

"उतर. वरची दोन बुचं काढ. मंग दुर्गेशच्या बांधीचं तोंड बांध, त्याच्या खालच्याचं बी बांध. पानी आधी टेलले जाऊ दे. पोचलं का आवाज दे."

चंद्रकुमार पाण्यात उतरता उतरता थांबला. "बांबू माह्या घरी पडले आहेत," तो म्हणाला. "चार. त्याचं का करू?"

"डॉक्टरीन म्हनते, नवं नख येवाले अठरा मयने लागतीन."

चंद्रकुमारनं मनात हिशेब केला. "तंवर बांबूले घुन लागन. वालाचा मांडव करतो."

दुपारपर्यंत दुर्गेश तिथं येऊन ठेपला. त्याच्या बांधीचं तोंड मातीनं बंद, आणि पाणी शेजारून खळखळत पुढे चाललेलं. तो पारीखाली उभा राहून इकडेतिकडे बघत राहिला. ऐकायला कोणी आहे का, ते पाहिलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"रविवारी लगित चांगला मानूस होता हा."

उमरावभाऊंनी मान वर केली नाही. ते बाटलीतला बारीक ब्रश डाव्या अंगठ्यावरून हळूहळू फिरवत होते, कडेपर्यंत, एकही कोपरा न सोडता. दूर टेलकडून, बांध्यांच्या पलीकडून, एक आवाज आला. नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी हात थांबवला. आवाज पुन्हा आला.

"पोचलंऽऽ! पोचलं गाऽऽ!"

त्यांनी वाकून अंगठ्यावर फुंकर घातली आणि दुसरा पाय पुढे घेतला.